लेसांच्या नावाची बाटली

सामासोनी घरजावई होता. आमच्या सवाईई बेटावर घरजावयाला जेवढं काम असतं तेवढं घोड्यालाही नसतं. घोड्याला निदान रविवारी मोकळं सोडतात. घरजावयाला रविवारी सगळ्यांच्या आधी उठून दगड तापवावे लागतात, म्हणजे मंडळी प्रार्थनेहून परत येईतो उमूच्या दगडी भट्टीत तारोचे कंद आणि डुक्कर शिजून तयार. मग तो स्वतः धुराचा वास अंगावर घेऊन प्रार्थनेला सगळ्यात मागे बसे. पाद्रीबाबांचं ताटही त्याच उमूतून जात असल्यामुळे त्या वासाबद्दल कधी कुणी बोललं नाही.

तो लग्न करून तालिताच्या घरी आला, तेव्हा तिच्या वडिलांना घराण्याचा किताब नुकताच मिळाला होता. किताब 'लेसा'. तो मिळाल्यापासून त्यांचं फिलेमोनी हे नाव फक्त त्यांच्या बायकोच्या तोंडी उरलं, आणि ती गेल्यावर तेही सरलं. लेसा देहाने किताबाला शोभतील असेच होते. गावसभेच्या उघड्या घरात प्रत्येक मानकऱ्याला टेकायला आपापला खांब असतो. लेसा टेकले की बघणाऱ्याला खांबाची काळजी वाटे. आवाज असा की समोरच्या होडीतला माणूस वल्हं थांबवून ऐके.

सामासोनी मात्र वाळल्या काटकीसारखा. आमच्याकडे बारीक माणसाकडे लोक जरा संशयानेच बघतात: एकतर हा आजारी असणार, नाहीतर घरात याला पोटभर घालत नसणार. तालिताला दुसरा संशय झोंबे. "खा रे बाबा," ती चारचौघांत त्याच्या ताटात तारो वाढत म्हणे, "नाहीतर तुझ्या माहेरचे म्हणतील, आम्ही छळतो तुला." घरजावयाला माहेर असतं हा तिचा आवडता विनोद होता. वीस वर्षांत तो शिळा झाला नव्हता, कारण परिस्थिती बदलली नव्हती.

सामासोनी जे करी ते लेसांच्या नावाने जाई. गावसभेत लेसांचं डुक्कर आलं की ते सामासोनीने पाळलेलं, मारलेलं आणि खांद्यावर आणलेलं असे. लेसांचा तारो, लेसांचे मासे, लेसांच्या नारळाच्या माळा, सगळं तसंच. यात कुणी कुणाला फसवत नव्हतं. सेवा करणाऱ्याचा हात हा किताबवाल्याचाच हात, हे आमच्याकडे पोराला दात येण्याआधी कळतं. आज ना उद्या आपल्या पोराला किताब मिळेल आणि तेव्हा कुणीतरी त्याचं डुक्कर उचलेल, एवढ्या विश्वासावर जग चाललेलं असतं.

अशा जगात समुद्रापलीकडच्या आपिया शहरातून आरोग्य पथक आलं.

त्यांना आमच्या लोकांच्या रक्तातलं काहीतरी शोधायचं होतं. शेजारच्या गावची मातालेना नर्स त्यांच्यासोबत होती, म्हणून बायकांच्या मंडळाने आपलं घर त्यांना उघडून दिलं. गावच्या घराण्यांत जन्मलेल्यांनी आधी रक्त द्यायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली लघवी एका छोट्या बाटलीत आणून द्यायची. लेसांनी रक्त भाषण दिल्यासारखं दिलं. सुई टोचताना त्यांनी पथकाच्या प्रवासाला, त्यांच्या गुरुजनांना आणि समुद्राला उद्देशून चार शब्द सांगितले. मातालेनाला सुई मध्येच थांबवावी लागली.

बाटली हातात आली तेव्हा मात्र त्यांना शब्द सुचले नाहीत. त्यांनी ती दोन बोटांत धरली. घराला भिंती नाहीत. संडास मागच्या अंगणापलीकडे, आणि तिथपर्यंतचा रस्ता निम्म्या गावाच्या नजरेखालून. सकाळी सकाळी किताबवाल्या माणसाने भरली बाटली हातात घेऊन त्या रस्त्याने परत यायचं, हे चित्र त्यांनी मनात एकदा पाहिलं असावं. त्यांनी मागे न बघता हात मागे केला. मागे सामासोनी होताच.

"हे बघ," लेसा म्हणाले.

वीस वर्षं सामासोनी 'हे बघ' बघत आला होता. गळकं छप्पर, बुडालेली होडी, शेजाऱ्याचं सुटलेलं डुक्कर, सगळं त्याने याच दोन शब्दांवर निस्तरलं होतं. त्या दिवशी तर त्याला मान वर करायला फुरसत नव्हती. पाहुणे आलेले, त्यांना पोटभर जेवू घातल्याशिवाय सोडलं तर गावाची अब्रू काय राहिली? डुक्कर, लाकडं, दगड, नारळ, सगळं त्याच्याच अंगावर. तो स्वतः परगावचा, त्यामुळे त्याचं रक्त कुणाला नको होतं. दुसऱ्या दिवशी उठला तेव्हा हातपाय लाकडासारखे झाले होते. कोपऱ्यात बाटली दिसली. लेसा झोपलेले. त्यांना उठवून काय सांगणार? त्याने बाटली घेतली, मागच्या रस्त्याने जाऊन आला, झाकण घट्ट लावलं आणि मातालेनाला नेऊन दिली.

"लेसांची?" तिने विचारलं.

"लेसांची," तो म्हणाला. आणि त्या क्षणी त्याला यात काही खोटं आहे असं वाटलंही नाही.

काही महिन्यांनी मातालेना निकाल घेऊन आली. आधी तिने बायकांच्या मंडळात सगळ्यांना मिळून सांगितलं. देह म्हणजे बारीक विणलेली चटई समजा, ती म्हणाली. लाखो पाती, आणि वीण आईबापांकडून आलेली. आपल्या बऱ्याच लोकांच्या विणीत एक पातं वेगळं पडलंय, ते बाहेरच्या जगात फारसं सापडत नाही. ते ज्याच्यात असेल त्याचा देह जरा जास्त भरतो. पण गंमत अशी की त्याला साखरेचा आजार व्हायची शक्यता कमी असते.

"म्हणजे जाडं असलेलं बरं?" सालोते म्हातारीने विचारलं. ती शेजारची, कान तीक्ष्ण, दात कमी.

"तसं नाही, आजी. जाड व्हा असं नाही म्हणत मी. शक्यता कमी, म्हणजे नाहीच असं नव्हे. आणि बारीक माणसानेही निर्धास्त राहू नये."

"बारीक माणूस आहेच कोण इथे?" सालोते म्हणाली, आणि सगळ्या बायका सामासोनीकडे बघून हसल्या. तो नारळ फोडत होता. तोही हसला.

मग मातालेना घरोघर गेली. लेसांसमोर ती मांडी घालून बसली, मान खाली घातली. "लेसा, आपल्यात ते पातं आहे. आईकडूनही आलंय, वडिलांकडूनही."

"दोन्हीकडून," लेसा म्हणाले. "येणारच."

"रक्तात साखर अगदी ठीक आहे. पण..." मातालेना अडखळली. "लघवीत प्रथिनं जातायत. किडनी गळतेय तसं दिसतं. मलाही नवल वाटतंय, कारण रक्त एक सांगतंय आणि लघवी दुसरंच. आपियाला जाऊन पुन्हा तपासून घ्यायला हवं. तोवर मीठ कमी, डब्यातलं मांस बंद."

लेसांचे थोरले बंधू किडनीनेच गेले होते. तेव्हा रक्त शुद्ध करायचं मशीन फक्त आपियात. त्यामुळे घर, तारोचं शेत, सभेतला खांब सोडून त्यांना शेवटची वर्षं शहरात कुणाच्या तरी पडवीत काढावी लागली होती, आठवड्यातले तीन दिवस नळीला जोडलेले. ते परत आले ते पेटीतूनच.

सामासोनी कोकोचा कप घेऊन खांबाआड उभा होता.

त्याची आई साखरेने गेली होती. आधी डोळे, मग पाय, मग किडनी. पण ती जाडजूड होती, आणि साखर जाड्यांना होते हे सगळ्या जगाला ठाऊक. म्हणून तो आपल्या काटकुळ्या अंगाकडे बघून आजवर निश्चिंत होता. आता हिशोब साधा होता. रक्त लेसांचं, ते ठीक. लघवी त्याची, ती नाही.

लेसांनी बातमी जशी घ्यावी तशी घेतली. म्हणजे मरायला सुरुवात केली. ते हे काम घाईने करणाऱ्यांतले नव्हते. परदेशी, ऑकलंडला राहणाऱ्या मुलांना फोन गेले. गावसभेत त्यांनी निरोपाचं पहिलं भाषण केलं. ते इतकं चांगलं झालं की दुसऱ्याची मागणी आली. दुसऱ्या गावांचे मानकरी मानाच्या चटया घेऊन भेटून जाऊ लागले. किताब पुढे कोणाला द्यायचा यावर कुटुंबाच्या बैठका बसल्या आणि भांडणं होऊन उठल्या. डब्यातलं मांस बंद करायचं म्हणून लेसांनी घरातले सगळे डबे एकदाच संपवून टाकले. शेवटी त्यांनी घरासमोरची जागा पायाने आखून दाखवली.

"इथे," ते म्हणाले. "ओटा उंच हवा. समुद्र दिसायला पाहिजे. सामासोनी, हे बघ."

म्हणून सामासोनी लाव्हाचे दगड फोडून लेसांच्या थडग्याचा ओटा बांधू लागला. माणूस कुदळ मारताना विचार करू शकत नाही असं म्हणतात. ते खोटं आहे. प्रत्येक घावाला त्याला वाटे, हे आपण आपल्यासाठीच बांधतोय. फक्त घरजावयाला इतका उंच ओटा कुणी देणार नाही. सांगावं, तर लेसांची बाटली त्यांनी भरलीच नव्हती हे गावात कळणार. निरोपाची भाषणं करून झालेल्या माणसाचं हसं होणार. न सांगावं, तर म्हातारा धडधाकट असून झुरणार, आणि आपण कुणाला न कळता आतून गळत राहणार. त्याने तिसराच मार्ग धरला. मातालेनाने लेसांना सांगितलेलं पथ्य तो गुपचूप स्वतः पाळू लागला.

हे तालिताच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. एके दिवशी ती तारोच्या शेतात त्याच्या मागोमाग आली. घराला भिंती नसल्या की नवराबायकोला खाजगी बोलायला शेतच गाठावं लागतं.

"पथ्य आबांना सांगितलंय," ती म्हणाली. "आबा तिकडे दोन माणसांचं जेवतायत आणि वाळतोयस तू. मासे अळणी खातोस. काय चाललंय? बाई आहे का कुठे?"

"अळणी खायला सांगणारी बाई कशाला ठेवू?"

"मग बोल."

तो खाली बसला आणि बोलला. पहिल्या वाक्याला तालिता हसली. हसता हसता तिला तारोच्या पानाचा आधार घ्यावा लागला. "आबांची... अरे देवा... आणि आबा तिकडे भाषणं..." आणि मग तिचं हसू मधल्यामध्ये थांबलं, कारण हिशोब तिलाही येत होता.

"म्हणजे तुझी," ती म्हणाली.

त्याने मान डोलावली.

"इतके दिवस एकट्याने घेऊन बसलास? दगड फोडत? मी कोण तुझी, शेजारीण?" तिने हातातली टोपली त्याच्या पाठीत घातली. मग त्याच पाठीवर डोकं टेकून ती बराच वेळ बसली. उठली तेव्हा तिचं ठरलं होतं. "आबांना सांगायचं. उद्याच."

"कसं सांगू? मी तोंड उघडलं की ते बोलायला लागतात. वीस वर्षांत माझं एक वाक्य पुरं झालेलं नाही त्यांच्यापुढे."

"चटईखाली बस."

सामासोनीने तिच्याकडे पाहिलं. चटईखाली बसणं म्हणजे गुन्हेगाराने डोक्यावरून उंची चटई पांघरून, ज्याचा अपराध केला त्याच्या दारात मान खाली घालून बसणं. हे खुनासाठी करतात. कुणाच्या घराण्याची बेअब्रू केली तर करतात. बाटलीसाठी केल्याचं कुणी ऐकलेलं नव्हतं.

"चटई डोक्यावर असली की आबांना ऐकावंच लागेल," तालिता म्हणाली. "रीत आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी सामासोनी आपल्याच घरासमोर, अर्धवट बांधलेल्या ओट्याच्या बाजूला, तालिताच्या आईने विणलेली चटई पांघरून बसला. चटईला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. पहिली पावलं सालोतेची आली.

"कोण रे? सामासोनी? कोणाला मारलंस?"

"कोणाला नाही, आजी."

"मग बाईचं काही?"

"नाही."

"मग उगाच कशाला चटई खराब करतोस," असं म्हणून ती निघाली. पण गेली नाही, थोड्या अंतरावर टेकली. हळूहळू आणखी पावलं वाजली. लेसा आत न्याहारीला बसले होते. त्यांनी चटई पाहिली, घास खाली ठेवला, उठले. चटई उचलली की माफी झाली. पण त्यांनी ती उचलली नाही. त्यांनी एक कोपरा वर केला आणि तो सगळा देह कण्हत वाकवून डोकं आत घातलं. आता दोघेही चटईखाली.

"बोल," लेसा कुजबुजले. त्यांना कुजबुजता येतं हे सामासोनीला त्या दिवशी कळलं.

त्याने सांगितलं. एका दमात, पुरं.

"एवढंच?" लेसा म्हणाले. "माझ्या नावाने भरलीस ना?"

"हो."

"मग ती माझीच."

"लेसा, आपण समजून घ्या. माझ्या पोटातली—"

"तू माझ्या नावाने नेलेलं डुक्कर कुणाचं असतं?"

"आपलं."

"मग?" लेसांनी डोकं बाहेर काढलं, चटई उचलून खांद्यावर टाकली आणि जमलेल्या लोकांना सांगितलं, "घरातली गोष्ट होती. मिटली." लोक नाराज होऊन पांगले. लेसा आत जाऊन न्याहारी पुरी करू लागले. पण निम्म्यात थांबून त्यांनी तालिताला हाक मारली. "आपियाच्या बोटीचं बघ. मला तपासायला जायचंच आहे. हाही येईल. माझ्या सेवेला."

आपियाच्या इस्पितळात डॉक्टर वाइओला होती. वय तिशीच्या आसपास, पथकासोबत गावात येऊन गेलेली. तिने आधी लेसांच्या गावाला, किताबाला आणि पूर्वजांना रीतीप्रमाणे मान दिला, मग तालिताने हळूच सांगितलेलं सगळं ऐकून घेतलं. ती हसली नाही. नुसते ओठ आत ओढून थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिली.

लेसांनी आपली बाजू मांडली. डुकराचा दाखला पुन्हा दिला.

"लेसा, आपल्यापुढे बोलायला माझी जीभ तोकडी," वाइओला म्हणाली. "पण ते डुक्कर सामासोनीच्या पोटात तयार झालं नव्हतं."

लेसांनी स्वतःच्या पोटाकडे पाहिलं.

"डुक्कर, तारो, मासे एकाचे दुसऱ्याच्या नावावर जातात. किडनीला किताब नसतो. जिची तिची. दोघांचंही नव्याने तपासावं लागेल." तिने टेबलावर दोन बाटल्या ठेवल्या. "आपली आत्ता दिलीत तरी चालेल."

सामासोनीचा हात सवयीने पुढे आला. तालिताने त्याच्या मनगटावर हातातला पंखा हाणला.

लेसा उठले. त्यांनी बाटली घेतली आणि ते बाहेर पडले. इस्पितळाचा तो लांबच लांब व्हरांडा, दोन्ही बाजूंना बाकांवर माणसं, निम्मी सवाईईचीच. संडास पार टोकाला. जाताना कुणाचं विशेष लक्ष गेलं नाही. येताना मात्र लेसा मधोमध चालत आले, गावसभेत आवा हे मानाचं पेय पिताना करवंटी धरतात तशी दोन्ही हातांनी बाटली छातीसमोर धरून, नजर सरळ. बोलणी थांबली. कुणीतरी पाय आत घेतले. एका म्हाताऱ्याने, त्यांना ओळखून किंवा नुसता तो थाट पाहून, मान लववली. दारातून हे बघणारा सामासोनी खाली बघू लागला. त्याच्या डोळ्यांत काहीतरी गेलं होतं.

"घ्या," लेसा डॉक्टरीणबाईंना म्हणाले. "ही माझी."

सामासोनीशी मात्र वाइओला बराच वेळ बोलली. आईचं विचारलं. मग विचारलं, "बाटली भरलीस त्याच्या आदल्या दिवशी काय काय केलं होतंस?"

"काही विशेष नाही. पाहुणे होते."

"सांग तरी."

"लाकडं फोडली. ओढ्यातून उमूचे दगड वर आणले. नारळाला चढलो, चार-पाच झाडं. डुक्कर मारून आणलं शेतावरून."

"केवढं होतं?"

"दोघांनी न्यायचं असतं तेवढं."

"आणि नेलं कितीजणांनी?"

"मी."

वाइओलाने पेन खाली ठेवलं. "हे बघ भाऊ, आजच काही खात्री देत नाही. पण अंगाबाहेर काम केलं की धडधाकट माणसाचीही किडनी एखादा दिवस गळते, मग आपोआप थांबते. आता दोन दिवस तू काहीही करायचं नाहीस. उचलायचं नाही, चढायचं नाही, आणून द्यायचं नाही. नुसतं बसायचं. आणि परवा सकाळी उपाशी पोटी ये, बाटली घेऊन."

तालिताच्या मावसबहिणीकडे ते उतरले होते. तिथले दोन दिवस सामासोनीच्या आयुष्यातले सगळ्यात कष्टाचे. त्याला बसता येईना. कुणी झाडू हातात घेतला की तो निम्मा उठे, आणि तालिता म्हणे, "बस. किडनी." मावसबहिणीच्या नवऱ्याला, जो स्वतःही घरजावईच होता, हा आजार कसा लागतो याची फार उत्सुकता लागून राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नसताना लेसा खाकरले. खाकरणं म्हणजे चहा. सामासोनी ताडकन उठला, मग त्याला आठवलं, मग तो पुन्हा बसला. लेसा पुन्हा खाकरले, बहुतेक सवयीने. मग दोघेही बराच वेळ समोरच्या रस्त्याकडे बघत बसले.

शेवटी लेसाच उठले. आत भांडी पडल्याचा आवाज आला. काड्यापेटी कुठे असते, पाणी किती घ्यायचं, हे प्रश्न त्यांच्यासमोर आयुष्यात पहिल्यांदाच उभे राहिले असावेत. बऱ्याच वेळाने ते दोन कप घेऊन बाहेर आले आणि एक सामासोनीपुढे ठेवला. सामासोनीने घोट घेतला. चहा कडू जहर होता.

"साखर सापडली नाही," लेसा रस्त्याकडे बघत म्हणाले.

साखरेचा डबा चुलीजवळच होता, झाकण उघडं. हे सामासोनीला जागेवरून दिसत होतं. त्याने चहा तळापर्यंत संपवला.

तिसऱ्या दिवशी वाइओलाने दोघांना एकदमच आत बोलावलं. तालिता बोलावणं नसताना आत शिरली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

"लेसा, आपल्याला काहीही झालेलं नाही. आवाज जरा कमी केलात तर रक्तदाबही उतरेल."

"काहीच नाही?" लेसांचा चेहरा क्षणभर पडला. तीन गावांचे मानकरी चटया देऊन गेले होते.

"काही नाही. आणि भाऊ, तुझी किडनीही ठीक आहे. प्रथिनांचा मागमूस नाही. ते सगळं डुकराचं ओझं होतं."

सामासोनीला शब्द ऐकू आले, अर्थ मागाहून आला. मागे तालिताचा हुंदका ऐकू आला, आणि पाठोपाठ पंख्याचा एक फटका त्याच्या खांद्यावर बसला, मग दुसरा. "डुक्कर एकट्याने उचलतो! डुक्कर! एकट्याने! शहाणा!"

"ताई, थांबा, अजून आहे," वाइओला म्हणाली. "याची साखर काठावर आहे. आजार नाही, पण काठ आहे. आईचं वळण. ते मोठ्या देहाचं पातं याच्यात आहे की नाही ते पुढे कळेल. पण बारीक आहे म्हणून सुटला असं मुळीच नाही. ताटातला भात कमी, डबे बंद, आणि तीन महिन्यांनी पुन्हा यायचं. स्वतःच्या नावाने."

"तारो?" सामासोनीने विचारलं. त्या दिवशीचं त्याचं पहिलं वाक्य.

"तारो चालेल. डोंगरभर नको."

"मीच वाढते ना ते," तालिता डोळे पुसत म्हणाली. "आता बघते."

बाहेर आल्यावर लेसा व्हरांड्याच्या पायरीवर टेकले. मग म्हणाले, "ओटा झालाय अर्धा."

"हो."

"पुरा कर. बसायला होईल. सावकाश कर."

दुसऱ्या दिवशी परतीच्या बोटीवर गर्दी होती. तारोच्या गोण्या, कोंबड्या, एक नवीकोरी गॅसची शेगडी, झोपलेली पोरं. तालिता चटई पसरून लगेच घोरू लागली. गेल्या कित्येक दिवसांची झोप तिने एकदमच काढायला घेतली होती. सामासोनी कठड्याला टेकून बसला होता. पाणी शांत होतं. त्याच्या पोटात कितीतरी दिवसांनी खरी भूक लागली होती, आणि ती तो नुसतीच चाखत होता. सवाईईचा डोंगर हळूहळू वर आला. माणसं सामानाकडे वळू लागली. लेसांच्या दोन टोपल्या, एक पेटी, मावसबहिणीने दिलेली केळी. सामासोनीने टोपलीच्या कडीत हात घातला.

"डॉक्टरीणबाईंनी आराम किती सांगितला होता?" लेसांनी विचारलं.

"काल सकाळपर्यंत, लेसा."

लेसांनी किनाऱ्याकडे पाहिलं. अंतर अजून बरंच होतं.

"आराम धक्का लागेपर्यंत धर," ते म्हणाले.